पाहुण्यांपुरते स्टूल

वाळूजच्या त्या कंपनीत मोटारींच्या वायरी बांधायचं काम चाले. मोटारीच्या पोटातून, दारांतून, दिव्यांपर्यंत ज्या वायरी जातात, त्यांचा आख्खा जुडगा एका तिरप्या बोर्डावर खिळ्यांच्या आधारानं बसवायचा, वरून काळी टेप गुंडाळायची आणि पुढच्या बाईकडे सरकवायचा. तयार जुडगे खोक्यांत भरून कंटेनरनं बंदराला जात आणि तिथून समुद्रापार, एका मोठ्या मोटार कंपनीकडं. लाईनीवर सगळ्या बायका. बारीक कामाला बायकांचीच बोटं चांगली, असं साहेब लोक म्हणत. त्या बायका वर्षानुवर्षं ठेकेदाराच्याच कशा राहतात, याबद्दल मात्र ते काही म्हणत नसत.

आवडाबाई या लाईनीवर सगळ्यांत जुनी. लग्न झाल्यावर गंगापूरकडच्या खेड्यातून नवऱ्याबरोबर रांजणगावात आली ती इथलीच झाली. नवरा कारभारी, मालाचा छोटा टेम्पो चालवायचा. आवडाबाई उंच, हाडापेरानं मजबूत. बोलायची कमी, पण बोलली की तुकडाच पाडायची. नव्या पोरींना टेप कशी ओढायची, बोटं कशी कापू द्यायची नाहीत, हे तिनंच शिकवलेलं. सगळ्या तिला मावशी म्हणत.

काम उभ्यानं. चहाची सुट्टी आणि जेवणाची सुट्टी सोडली तर पाळीभर उभं राहायचं. सुरुवातीला पोटऱ्या भरून येत, मग टाचा दुखत, मग दुखणं अंगवळणी पडे. आवडाबाईच्या पायांवर निळ्या शिरा दोरीसारख्या फुगल्या होत्या. घरी गेलं की ती आधी बादलीत मिठाचं गरम पाणी घेऊन पाय सोडून बसे आणि मगच चुलीकडं वळे.

कंपनीत स्टूल नव्हते असं नाही. चांगले उंच, निळ्या गादीचे, बोर्डापर्यंत हात सहज पोचेल असे स्टूल होते. मागं कधीतरी त्या परदेशी कंपनीची माणसं कारखाना बघायला आली, तेव्हा त्यांनी बायकांना बसायला काही का नाही म्हणून विचारलं होतं. पुढच्या भेटीच्या आत स्टूल आले. पाहुणे आले, बायका बसल्या, फोटो निघाले, पाहुणे गेले. संध्याकाळी स्टूल प्लास्टिकमध्ये गुंडाळून स्टोअरमध्ये गेले आणि त्यांच्यावर कुलूप पडलं. तेव्हापासून तसंच चालू होतं. पाहुणे यायचे त्या दिवशी स्टूल निघत.

बायका यावर हसत. लाईनीवरची सरूबाई म्हणे, "आपले स्टूल म्हंजी दिवाळीची पैठणी. सणाला काढायची, घडी मोडायची, परत पेटीत."

हसणं थांबलं ते सगीराच्या वेळी.

सगीरा शहरातून कंपनीच्या बसनं यायची. औरंगपुऱ्याच्या मागच्या गल्लीत तिचं सासर. नवरा फारूख फर्निचरच्या दुकानात पॉलिश करायचा. सासरे नूरमोहम्मद जुने मिल कामगार, आता घरीच असत. सगीरा आवडाबाईच्या शेजारच्याच बोर्डावर होती. हात चलाख, तोंड त्याहून चलाख. तिला दिवस गेले तेव्हा तिनं ती गोष्ट घरच्यांच्या आधी आवडाबाईच्या कानात सांगितली होती.

पोट दिसायला लागलं तशी सगीराला उभं राहणं जड जाऊ लागलं. तिनं लाईनीचा सुपरवायझर सांडू याला विचारलं, "सांडूभाऊ, एक स्टूल देता का? मी बसून पण तेवढंच काम करीन."

सांडू सिल्लोडकडचा, तिशीचा माणूस. वाईट नव्हता, पण वरून आलेला शब्द खाली टाकायचा एवढंच त्याला ठाऊक. तो ऑफिसात विचारून आला आणि मान हलवत म्हणाला, "साहेब नाय म्हणू राह्यले. एकीला दिलं की समद्या मागतेत. बसलं की काम सुस्तावतं म्हणतेत."

पुढच्याच आठवड्यात, जेवणाच्या सुट्टीच्या थोडं आधी, सगीराच्या हातातली टेप सुटली आणि ती बोर्डाला धरत धरत खाली घसरली. आवडाबाईनं तिला खांद्याला पकडलं म्हणून डोकं आपटलं नाही. टेपच्या खोक्यांचे पुठ्ठे अंथरून तिला निजवलं, तोंडावर पाणी मारलं. डोळे उघडल्यावर सगीरानं आधी पोटावर हात ठेवला आणि मग आवडाबाईकडं बघितलं. लाईन तोवर थांबली नव्हती. तिच्या बोर्डावर जुडगे साचायला लागले म्हणून सांडू दुसऱ्या एका बाईला तिथं उभं करत होता.

आवडाबाई हात पुसून सरळ मॅनेजर खडक्यांच्या केबिनमध्ये गेली. खडके साहेब कधी ओरडत नसत. त्यांनी तिला पाणीसुद्धा विचारलं.

"साहेब, पोरगी दोन जिवांची हाय. स्टोअरमधी स्टूल पडलेत. एक काढून द्या."

"आवडाबाई, तुमचं मन मी समजू शकतो. पण तिला उभं राहणं झेपत नसेल तर तिनं घरी आराम करावा ना. आम्ही कुठं अडवलंय?"

"घरी बसली की ठेकेदार परत घेत नाय तिला. तुमाला ठावं हाय ते."

"तो ठेकेदाराचा प्रश्न आहे," खडके म्हणाले आणि कॉम्प्युटरकडं वळले.

त्या संध्याकाळी आवडाबाईनं मिठाच्या पाण्यात पाय सोडले, पण तिचं लक्ष पाण्यात नव्हतं. कारभारीनं विचारलं, "काय झालं? चूल थंडच दिसू राह्यली."

तिनं सांगितलं. कारभारीनं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "माझा टेम्पो बी दुपारी झाडाखाली हुभा करतो मी. इंजन तापतं म्हून. माणसाचं मंग काय?"

सगीरानं दोन दिवस रजा काढली. घरी तिनं सासऱ्यांना सगळं सांगितलं होतं. परत आली तेव्हा ती बसमधून उतरता उतरताच आवडाबाईला म्हणाली, "मावशी, अब्बा काय म्हणतात माहितीये? कारखान्याच्या कायद्यातच आहे म्हणे. उभ्यानं काम करणाऱ्यांसाठी बसायची सोय ठेवायचीच. मेहेरबानी नाय, हक्क है. त्यांच्या मिलमध्ये बाकडी होती. पण ते म्हणतात, एकटी मागशील तर भीक वाटेल. सब मिलके मांगो."

"सगळ्यांनी मागायचं म्हंजी कसं?" आवडाबाईनं विचारलं.

"ते नाय सांगितलं. म्हणाले, तुमची लाईन तुम्हीच जाणता."

थोड्याच दिवसांत ऑफिसातून हुकूम आला. परदेशची माणसं येणार. फरशा धुवायच्या, नवीन हातमोजे वाटायचे, प्यायच्या पाण्याची टाकी घासायची. खडके साहेबांनी बायकांना गोळा करून समजावलं. कुणी काही विचारलं तर हसून उत्तर द्यायचं. रोज असेच बसून काम करतो, असं सांगायचं. पाहुणे खूश झाले तर नवीन ऑर्डर मिळेल, ऑर्डर मिळाली तर सगळ्यांचं काम टिकेल.

जेवणाच्या सुट्टीत बायका कॅन्टीनच्या कोपऱ्यात डबे उघडून बसल्या. कुणी म्हणालं, या वेळी पाहुण्यांना सांगूनच टाकू. कुणी म्हणालं, सांगितलं की दुसऱ्या दिवशी गेटच्या बाहेर. सरूबाईच्या दोन्ही पोरी शाळेत होत्या, तिनं अर्धाच खाऊन डबा झाकून ठेवला.

आवडाबाई ठेच्याबरोबर भाकरी खात होती. मग म्हणाली, "बोलायचंच नाय कुणी."

"मंग?"

"स्टूल आणतील ना? आणू द्या. बसायचं नाय. रोजच्यासारखं हुभं ऱ्हायचं आन काम करायचं."

कुणाला आधी कळलंच नाही. आवडाबाईनं हातातला भाकरीचा तुकडा खाली ठेवला.

"अगं, बोललं म्हून काढतील. हुभं ऱ्हायलं म्हून कसं काढतील? रोज तेच तर सांगतेत, हुभं ऱ्हा, हुभं ऱ्हा. आपुन त्यांचंच ऐकायचं."

सगीरा खळखळून हसली. मग एकेक करत सगळ्या हसल्या. या वेळचं हसणं वेगळं होतं.

सरूबाई शेवटी म्हणाली, "पन सगीरा? तिचं काय? तिनं तरी बसावं बाई."

"मी नाय बसणार," सगीरा म्हणाली. "मी बसले तर फोटो माझाच काढतील."

पाहुण्यांच्या दिवशी सकाळी स्टोअरचं कुलूप निघालं. सांडूनं पोरांकडून स्टूल आणवले, प्लास्टिक काढलं, प्रत्येक बोर्डासमोर एकेक मांडला. बायका आल्या, डोक्याला टोप्या घातल्या, स्टूल हातानं हळूच बाजूला सरकवले आणि उभ्या राहिल्या. लाईन सुरू झाली.

सांडू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेला. "बसा ना! अवो, बसा. आज बसायचंय."

"सवय नाय भाऊ," सरूबाई टेप ओढत म्हणाली.

"मावशी, तुमी तरी सांगा यांना."

आवडाबाईनं मान वर न करता विचारलं, "सांडूभाऊ, काम थांबलंय का?"

काम थांबलं नव्हतं. उलट त्या दिवशी लाईन अशी वाहत होती की कुणाच्या बोर्डावर जुडगा साचला नाही. सांडू घाम पुसत ऑफिसकडं धावला. खडके आले तेव्हा त्यांच्यामागं पाहुणेही दारात पोचले होते, त्यामुळं त्यांना जे बोलायचं ते हसऱ्या चेहऱ्यानं दातांमधून बोलावं लागलं. "बसून घ्या. लगेच." कुणीही बसलं नाही.

पाहुण्यांत एक उंच, पिकल्या केसांची बाई होती, तिच्याबरोबर एक तरुण माणूस आणि दुभाषी म्हणून पुण्याहून आलेली एक मुलगी. पिकल्या केसांची बाई लाईनीच्या कडेनं चालत आली. रिकामे स्टूल, मागं उभ्या बायका. तिनं खडक्यांना काहीतरी विचारलं. खडक्यांनी हसत इंग्रजीत उत्तर दिलं. बाईनं मान हलवली, पण तिचं समाधान झालेलं दिसलं नाही. ती सगीरापाशी थांबली. सगीराच्या पोटाकडं बघून तिनं स्वतः स्टूल पुढं ओढला आणि हातानं बसायची खूण केली.

सगीराचा चेहरा लाल झाला. तिचे पाय थरथरत होते, ते शेजारी उभ्या आवडाबाईला दिसत होतं. तिनं हात जोडले आणि मान हलवली. नाही.

दुभाषी मुलगी हळूच म्हणाली, "ताई, साहेबांचं म्हणणं आहे, तुम्हाला उभ्यानंच काम करायला आवडतं. खरं आहे का?"

कुणी बोलायचं नाही असं ठरलं होतं. ते ठरवणारीनंच हातातली टेप खाली ठेवली.

"बाई," आवडाबाई म्हणाली, "उभ्यानं पाय फुटायची वेळ येते, ते कुनाला आवडंल? ही पोरगी मागल्या महिन्यात इथंच पडली. तिला स्टूल मागितला तवा मिळाला नाय. हे स्टूल आमचे नायत, तुमचे हायेत. तुमी आलात की येतेत, तुमी गेलात की जातेत. आमी बसायला तयार हावोत, पन रोज. एक दिस दाखवायला नाय बसनार. आमी काम करनाऱ्या बाया हावोत, दाखवायच्या नाय."

दुभाषी मुलगी क्षणभर खडक्यांकडं बघत राहिली. मग तिनं पाहुण्या बाईकडं तोंड करून सगळं सांगितलं, सावकाश, एकेक वाक्य. बाईनं मधे एकदा थांबवून काहीतरी परत विचारलं, मुलीनं ते परत सांगितलं. लाईन थांबली नव्हती, पण एकही बाई बोर्डाकडं बघत नव्हती. पाहुण्या बाईनं आवडाबाईच्या डोळ्यांत बघितलं. आवडाबाईनंही नजर खाली नेली नाही.

संध्याकाळी सुटताना पाय रोजच्यासारखेच दुखत होते. पण बस येईपर्यंत बायका अशा ताठ उभ्या होत्या, जणू दिवसाचं काम अजून सुरूच व्हायचं आहे.

दुसऱ्या दिवशी गेटवर वॉचमननं आवडाबाई आणि सगीराला बाजूला घेतलं. "तुमचं कार्ड बंद हाय. ठेकेदाराला इचारा."

मागून सरूबाई येत होती. तिनं ऐकलं, आपलं कार्ड परत पदराला बांधलं आणि गेटसमोरच्या लिंबाखाली जाऊन बसली. तिच्यामागची बसली, तिच्यामागची बसली. बस रिकामी होत गेली तशी लिंबाखालची सावली भरत गेली. सगळ्यांत शेवटी आवडाबाई बसली, आणि तिनं सगीराला आपल्या मांडीला टेकू देऊन बसवलं.

"आत बसू देत नायत," सरूबाई वॉचमनला म्हणाली, "म्हून भायेर बसलोत. सांग साहेबांना."

थोड्या वेळानं ठेकेदाराची गाडी नवीन बायका घेऊन आली. त्या उतरल्या, लिंबाखाली बघितलं. रांजणगावातल्याच होत्या, याच खोल्यांतल्या, याच नळावर पाणी भरणाऱ्या. त्यांतली एक पुढं आली आणि विचारू लागली. सरूबाईनं सगळं सांगितलं. त्या बायकांनी आपसात काहीतरी ठरवलं. काही जणी गाडीत परत बसल्या, काही तिथंच लिंबाखाली टेकल्या. गेटच्या आत एकही गेली नाही.

दुपारी कारभारी टेम्पोत पाण्याचे जार घालून आला. त्याच्यामागून एक रिक्षा आली. तिच्यातून फारूखच्या हाताचा आधार घेत नूरमोहम्मद उतरले. पांढरी दाढी, इस्त्रीचा सदरा, डोक्याला टोपी. त्यांनी सगळ्या बायकांना हात कपाळाशी नेऊन सलाम केला आणि कडेला रुमाल अंथरून बसले. "मी बोलणार काही नाही," ते आवडाबाईला म्हणाले. "तुमचं चाललंय ते दुरुस्त चाललंय. फक्त बसायला आलोय."

आत लाईन बंद होती. बंदराला जायचा कंटेनर दारं उघडी टाकून उभा होता. सांडू दोनदा बाहेर आला. पहिल्यांदा म्हणाला, दोघी सोडून बाकीच्यांनी आत या. कुणी उठलं नाही. दुसऱ्यांदा म्हणाला, सगीराला पण घेतो, आवडाबाईचं नंतर बघू. सगीराच आधी म्हणाली, "नाय." सांडू आत गेला नाही लगेच. कारभारीकडून पाणी मागून प्याला, आणि खाली बघत म्हणाला, "मावशी, मी साहेबांना सांगितलंय, या लाईनीला तुमच्याबिगर जमायचं नाय. सांगायला उशीरच झाला."

उन्हं कलली तेव्हा खडके स्वतः आले. आज ते हसत नव्हते. परदेशातून काहीतरी मेल आला आहे, असं वॉचमन म्हणत होता. खडके त्याबद्दल बोलले नाहीत. ते म्हणाले, "सगळ्यांना घेतो. स्टूल बाहेर काढतो. आता उठा."

बायकांनी आवडाबाईकडं बघितलं. ती जागेवरून हलली नाही.

"साहेब, बाहेर काढलेलं परत आत जातं. आमी बघितलंय. स्टूल जमिनीत बोल्ट करा. दर बोर्डाम्होरं एक स्टूल. जिथं फिरून काम हाय तिथं भिंतीला बाकडं द्या. आन कुनाचं कार्ड बंद होनार नाय, हे ठेकेदारानं आमच्यासमोर म्हनावं."

"बोल्ट?" खडक्यांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"व्हय. बोल्ट."

खडक्यांनी एकदा मागं वळून उघड्या कंटेनरकडं बघितलं. मग त्यांनी फोन काढला आणि ठेकेदाराला बोलावून घेतलं. कुणाचं कार्ड बंद होणार नाही, हे त्यानं लिंबाखाली सगळ्यांसमोर म्हटलं, तेव्हाच बायका उठल्या.

दुसऱ्या दिवशी फरशीत ड्रिलचा आवाज घुमत होता. सांडू स्वतः गुडघ्यावर बसून प्रत्येक स्टूल हलवून बघत होता. लाईन सुरू झाली तेव्हा बायका आधी काठावरच टेकल्या, पाहुण्यांच्या घरी टेकावं तशा. थोड्या वेळानं पाठी सैल झाल्या, पाय आडव्या दांडीवर गेले, आणि जुडगे रोजच्यासारखे पुढं सरकू लागले. काम काही सुस्तावलं नाही.

सगळंच गोड झालं असं मात्र नाही. त्या वर्षी लाईन लीडर नेमायची होती आणि ती जागा आवडाबाईची, हे सगळ्यांना माहीत होतं. लीडरची लाल टोपी दुसऱ्याच लाईनीवरून आणलेल्या एका बाईला मिळाली. आवडाबाईला ते लागलं. कारभारीजवळ ती एकदाच म्हणाली, "टोपी घालून बघायची होती रे." एरवी ती त्याला कधी अरे म्हणत नसे. कारभारीनं मिठाच्या गरम पाण्याची बादली तिच्या पायांशी आणून ठेवली. स्टँडवरच्या टेम्पोवाल्यांना तो त्या लिंबाखालच्या दिवसाची गोष्ट रोज नव्यानं सांगत होता, आणि दर वेळी गेटसमोरच्या बायका थोड्या वाढत होत्या. मेल आला म्हणून झालं की लाईन बंद पडली म्हणून, असा वाद कुणी काढला की तो बायकोचंच वाक्य सांगे: "मेल आला आसंल. पन मेल यायला आधी कुनी तरी हुभं ऱ्हायला पाहिजे ना?"

सगीराला मुलगी झाली. बारशाच्या जेवणाला म्हणा, अकिक्याला म्हणा, फारूखनं सगळ्या लाईनीला बोलावलं होतं. आवडाबाईनं झबलं-टोपडं घेतलं, चांगलं लुगडं नेसली आणि कारभारीच्या टेम्पोत पुढं बसून शहरात आली. औरंगपुऱ्याच्या गर्दीतून टेम्पो पुढं जाईना म्हणून ती बोळाच्या तोंडाशीच उतरून चालत निघाली.

दारात नूरमोहम्मद वाट बघत होते. त्यांनी तिला आत जाऊ दिलं नाही. तिथंच ओट्यावर थांबवून त्यांनी शेजारच्या शिंप्याला हाक मारली, समोरच्या किराणावाल्याला हाक मारली, वरच्या मजल्यावरच्या बायकांना खिडकीत बोलावलं.

"देखो," ते म्हणाले, आणि त्यांचा म्हातारा आवाज गल्लीभर गेला, "यही है आवडाबाई. मैं जिनकी बात करता था, वो यही है."

आवडाबाईला इतकी माणसं आपल्याकडं बघताहेत याची सवय नव्हती. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला, पण मान खाली घातली नाही. आतून सगीराची पोर रडायला लागली तशी ती म्हणाली, "दादा, सगळ्यांना भेटते. आधी लेक बघू द्या," आणि आत गेली.